एनआरएफ२ आणि फुफ्फुसाचा कर्करोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या जनुकीय रिपोर्टमध्ये ‘कीप-१’ किंवा ‘एनएफई२एल२’ ही नावं आता बऱ्याचदा दिसतात. ही दोन्ही जनुकं एनआरएफ२ या प्रथिनाशी जोडलेली आहेत. रुग्ण किंवा घरची मंडळी ती नावं इंटरनेटवर शोधतात. एका ठिकाणी वाचायला मिळतं की एनआरएफ२ हे प्रथिन शरीराचं रक्षण करतं आणि ते वाढवायला हवं. दुसऱ्या ठिकाणी त्याच प्रथिनामुळे कर्करोग चिवट होतो असं लिहिलेलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एनआरएफ२ पेशीला जगवतं, आणि ती पेशी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायची सोय त्याच्यात नाही. पेशी निरोगी असेल तोवर हे आपल्या फायद्याचं असतं. ती कर्करोगाची झाली की हेच रक्षण कर्करोगाच्या पथ्यावर पडतं. खालचे बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीतून निघालेले आहेत.

एनआरएफ२ म्हणजे नेमकं काय?

ते एक नियामक प्रथिन आहे. विषारी द्रव्यांचा निचरा ते स्वतः करत नाही, ते काम करणारी जनुकं चालू करतं. त्याची साखळी ६०५ अमिनो आम्लांची असते. त्याचं जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर असून त्या जनुकाचं अधिकृत नाव एनएफई२एल२ आहे. म्हणून रिपोर्टमध्ये एनआरएफ२ शोधलं तर सापडत नाही, हे दुसरं नाव सापडतं.

१९९४ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं तेव्हा शोध रक्तातल्या ग्लोबिन जनुकांचं नियंत्रण करणाऱ्या घटकांचा चालला होता. कर्करोगाचा विषयही नव्हता. १९९७ मध्ये जपानमध्ये मासायुकी यामामोतो यांच्या गटाने एनआरएफ२ नसलेले उंदीर तयार केले. विषारी रसायनं शरीरात गेली की त्यांचा निचरा करणारी एन्झाइम्स एरवी भराभर वाढतात, पण या उंदरांमध्ये ती हवी तशी वाढत नव्हती. या प्रथिनाचं खरं काम तेव्हा कळलं.

पेशीच्या केंद्रकात शिरल्यावर एनआरएफ२ ‘स्मॉल माफ’ नावाच्या छोट्या प्रथिनाशी जोडी जमवतं आणि डीएनएवरच्या ठरावीक खुणांवर जाऊन बसतं. या खुणा दोनशेहून जास्त जनुकांच्या आसपास आहेत. त्यातली काही ग्लुटाथायोन (ऑक्सिडेशनपासून पेशीला वाचवणारा छोटा रेणू) बनवतात, काही ऑक्सिडेशनने बिघडलेली प्रथिनं दुरुस्त करतात, काही लोहाची व्यवस्था बघतात, तर काही नको असलेली रसायनं पेशीबाहेर फेकणारे पंप तयार करतात. केमोथेरपीचं औषध हेसुद्धा पेशीच्या दृष्टीने नको असलेलं रसायनच असतं, हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

निरोगी पेशीत त्याला आवर कोण घालतं?

कीप-१ नावाचं प्रथिन. तेही यामामोतो यांच्या गटानेच १९९९ मध्ये शोधलं. या दोघांमधली यंत्रणा जरा जवळून बघण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा बिघाड याच जागी होतो.

कीप-१ चे दोन रेणू जोडीने उभे असतात. प्रत्येकाच्या टोकाला एक पकड असते. एनआरएफ२ च्या सुरुवातीच्या भागात या पकडीत बसणाऱ्या दोन जागा आहेत. एक घट्ट बसते, दुसरी सैलसर. घट्ट जागा ७९ ते ८२ क्रमांकांच्या अमिनो आम्लांची आहे आणि सैल जागा २९ ते ३१ क्रमांकांच्या आसपास आहे. दोन्ही जागा पकडल्या गेल्या की मधला पट्टा ताणून धरल्यासारखा होतो. त्या पट्ट्यात लायसिन हे अमिनो आम्ल सात ठिकाणी आहे. कीप-१ ला जोडलेलं कल-३ हे यंत्र नेमक्या तिथे युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचे टॅग लावतं. टॅग लागला की प्रोटिअझोम या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात एनआरएफ२ चे तुकडे होतात. त्यामुळे ताण नसलेल्या पेशीत एनआरएफ२ चं अर्धायुष्य जेमतेम वीस मिनिटांचं असतं.

बनवायचं आणि लगेच मोडायचं, हा पेशीचा खटाटोप वाया जात नाही. नळ चालू आहे आणि खालची मोरी उघडी आहे अशी कल्पना करा. मोरीला बोळा घातला की पाणी लगेच भरायला लागतं, नळ सोडायला जायची गरजच पडत नाही. कीप-१ वर काही सिस्टीन अमिनो आम्लं आहेत, त्यातलं १५१ क्रमांकाचं विशेष संवेदनशील. धुरातली किंवा बाहेरून आलेली क्रियाशील रसायनं या सिस्टीनना चिकटली की टॅग लावायचं काम थांबतं. नवीन बनणारं एनआरएफ२ मग मोडलं न जाता केंद्रकात पोचतं. धोका टळला की कीप-१ पुन्हा कामाला लागतं आणि पातळी खाली येते. निरोगी पेशीसाठी हे खाली येणं चढण्याइतकंच गरजेचं आहे.

मग कर्करोगात बिघडतं कुठे?

पातळी खाली यायचीच थांबते. त्याच्या वाटा बऱ्याच आहेत. सगळ्यांत जास्त दिसणारी वाट म्हणजे कीप-१ च्या जनुकात म्युटेशन होणं. फुफ्फुसाच्या कर्करोगात असे बदल होतात हे २००६ मध्ये स्पष्ट झालं. दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, एनआरएफ२ च्या स्वतःच्या जनुकातले बदल सापडले. हे बदल जनुकभर विखुरलेले नसतात. ते वर सांगितलेल्या दोन पकडींच्या जागीच दाटलेले असतात, म्हणजे २९, ३०, ३१, ३४ आणि ७९ ते ८२ या क्रमांकांवर. पकडायची जागाच बिघडली की कीप-१ शाबूत असूनही उपयोगाचं राहत नाही. एवढ्या मोठ्या प्रथिनात कर्करोगाला नेमकी हीच जागा बिघडवल्याने फायदा होतो, याहून मोठा पुरावा या यंत्रणेसाठी मागायची गरज नाही असं मला वाटतं.

बाकीच्या वाटा कमी चर्चेत असतात. कीप-१ च्या जनुकावर मिथाइल गट चढून ते बंद पडतं. कल-३ मध्ये बदल होतो. एनआरएफ२ च्या जनुकातला पकडीचा तुकडा जोडणीच्या वेळी गळून जातो. किंवा पी-६२ नावाचं प्रथिन पेशीत साठून कीप-१ ला गुंतवून ठेवतं. यातले काही प्रकार नेहमीच्या डीएनए तपासणीत दिसतही नाहीत.

प्रमाण सांगायचं तर, अमेरिकेतल्या ‘कॅन्सर जीनोम ॲटलस’ प्रकल्पाने २०१२ मध्ये फुफ्फुसाच्या स्क्वेमस कर्करोगाच्या १७८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे एक तृतीयांश गाठींमध्ये या साखळीत कुठे ना कुठे बदल होता. २०१४ मध्ये ॲडिनोकार्सिनोमाच्या २३० गाठी तपासल्या गेल्या, त्यात कीप-१ चे बदल १७ टक्क्यांच्या आसपास होते. जगात २०२२ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे अंदाजे २५ लाख नवे रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या बहुसंख्यांचा कर्करोग नॉन-स्मॉल सेल प्रकारचा असतो आणि वरचे दोन्ही प्रकार त्यातच मोडतात. तेव्हा हा प्रश्न दुर्मिळ नाही.

म्हणजे एनआरएफ२ चांगलं की वाईट?

कोणत्या टप्प्यावर, यावर उत्तर अवलंबून आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरचा एक प्रयोग याबद्दल फार बोलका आहे. युरिथेन हे कर्करोगजनक रसायन साध्या उंदरांना आणि एनआरएफ२ नसलेल्या उंदरांना दिलं गेलं. सुरुवातीच्या आठवड्यांत एनआरएफ२ नसलेल्या उंदरांच्या फुफ्फुसात जास्त गाठी उगवल्या, कारण रसायनाचा निचरा नीट झाला नाही आणि डीएनएला जास्त इजा झाली. पण पुढे चित्र उलटलं. ज्या उंदरांमध्ये एनआरएफ२ होतं त्यांच्याच गाठी आक्रमक होत गेल्या. ज्यांच्यात नव्हतं त्यांच्या गाठी संख्येने जास्त असूनही त्यातल्या फारच थोड्या घातक झाल्या.

सुरुवात होऊ न देणारं आणि सुरू झालेलं पुढे नेणारं प्रथिन एकच आहे. ‘एनआरएफ२ वाढवा’ किंवा ‘एनआरएफ२ दाबा’ असा सरसकट सल्ला कुठे वाचलात तर लिहिणाऱ्याने हा टप्प्यांचा फरक लक्षात घेतला आहे का, हे आधी बघा.

कर्करोगाच्या पेशीला वाढायला त्याची नेमकी काय मदत होते?

पहिली मदत म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण सोसण्याची ताकद. वेगाने विभागणाऱ्या पेशीत क्रियाशील ऑक्सिजन रेणू भरपूर तयार होतात. ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेले तर पेशी स्वतःच मरते. एनआरएफ२ सतत चालू असलेल्या पेशीकडे ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिन यांचा साठा कायम भरलेला असतो, त्यामुळे ती ही मर्यादा सहज ओलांडू देत नाही. २०११ मध्ये असंही दिसलं की केरास आणि मिक यांसारखी कर्करोगाला चालना देणारी जनुकं स्वतःच एनआरएफ२ चं उत्पादन वाढवून घेतात. म्हणजे म्युटेशन नसतानाही गाठ हा रस्ता वापरते.

दुसरी मदत कच्च्या मालाची. ही बाजू २०१२ च्या सुमारास पुढे आली आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. ग्लुकोज पेशीत आल्यावर त्याचा बराचसा भाग ऊर्जेसाठी जाळला जातो. एनआरएफ२ त्यातला काही भाग पेंटोज फॉस्फेट मार्गाकडे वळवतं. तिथे दोन गोष्टी मिळतात : डीएनए-आरएनए बांधायला लागणारी रायबोज साखर, आणि एनएडीपीएच. हे एनएडीपीएच ग्लुटाथायोन पुन्हा वापरण्याजोगं करायलाही लागतं आणि नव्या पेशींची आवरणं बनवायलाही लागतं. पेशीच्या आत सेरिन हे अमिनो आम्ल बनवण्याचा वेगही एनआरएफ२ मुळे वाढतो. संरक्षणासाठी उभारलेलं खातं अशा रीतीने बांधकामाचा मालही पुरवायला लागतं.

तिसरी गोष्ट ही मदत आणि दुबळी बाजू दोन्ही आहे. ग्लुटाथायोनसाठी सिस्टीन लागतं. ते बाहेरून सिस्टाइनच्या (सिस्टीनच्या जोडीच्या) रूपात आत घेणारा एक वाहक एनआरएफ२ वाढवतं. पण हा वाहक अदलाबदल करतो, सिस्टाइनचा एक रेणू आत घ्यायचा तर ग्लुटामेटचा एक बाहेर सोडावा लागतो. पेशीतलं ग्लुटामेट असं सतत गळत राहतं आणि ती तूट भरायला तिला ग्लुटामिनवर अवलंबून राहावं लागतं. उंदरांवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात केरासच्या म्युटेशनसोबत कीप-१ गेलेल्या गाठी ग्लुटामिन तोडणं थांबवल्यावर खुंटल्या, तर कीप-१ शाबूत असलेल्या गाठींना तितका फरक पडला नाही. या शोधाने मोठी आशा निर्माण केली होती. माणसांमध्ये पुढे काय झालं ते औषधांच्या प्रश्नात सांगितलं आहे.

कर्करोग इतर अवयवांत पसरण्याशी याचा संबंध आहे का?

आहे, आणि मध्ये आणखी एक नियामक प्रथिन येतं. त्याचं नाव बॅक-१. २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात एका गटाने न्यूयॉर्कमधून आणि दुसऱ्याने स्वीडनमधून, एकाच वेळी, वेगवेगळ्या वाटांनी हीच गोष्ट दाखवली.

पेशीत मोकळं हीम (लोह असलेला एक रेणू) असेल तर बॅक-१ मोडलं जातं. एनआरएफ२ ज्या जनुकांना चालू करतं त्यातलं एक आहे हीम ऑक्सिजनेज-१, आणि ते मोकळं हीम नष्ट करतं. तेव्हा एनआरएफ२ वाढलं की हीम कमी होतं, हीम कमी झालं की बॅक-१ टिकून राहतं, आणि टिकलेलं बॅक-१ पेशीला जागा सोडून हलायला आणि दुसऱ्या ऊतीत शिरायला मदत करणारी जनुकं चालू करतं. ग्लुकोज भराभर वापरायला लावणारी जनुकंही त्यात येतात. स्वीडनच्या गटाने उंदरांना एन-ॲसिटिलसिस्टीन आणि व्हिटॅमिन ई दिलं. एनआरएफ२ ला हात न लावता, केवळ ऑक्सिडेटिव्ह ताण उतरल्याने त्यांच्यात बॅक-१ स्थिर झालं आणि गाठी पसरायचं प्रमाण वाढलं.

मग फुफ्फुसाच्या कर्करोगात अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

डॉक्टरांनी ठरावीक कारणासाठी लिहून दिल्या नसतील तर घेऊ नयेत. या प्रश्नावर मी मुद्दाम थोडं जास्त लिहितो आहे, कारण आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही सुचवतो आणि त्यात ‘इम्युनिटी’ आणि ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेल्या बाटल्या हमखास असतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. नुकसान तरीही होऊ शकतं.

माणसांवरचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटिन यांची चाचणी झाली. कर्करोग टळेल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. अमेरिकेत बीटा कॅरोटिन आणि व्हिटॅमिन ए एकत्र देऊन दुसरी मोठी चाचणी चालू होती. तिच्यात २८ टक्के जास्त रुग्ण आढळल्यावर १९९६ च्या सुरुवातीला ती वेळेआधी थांबवावी लागली. व्हिटॅमिन ई चा फिनलंडच्या चाचणीत फुफ्फुसाच्या कर्करोगावर ना फायदा दिसला ना तोटा, हेही इथे सांगायला हवं.

याचं एक स्पष्टीकरण २०१४ मध्ये स्वीडनमधून आलं. फुफ्फुसात छोट्या गाठी असलेल्या उंदरांना एन-ॲसिटिलसिस्टीन किंवा व्हिटॅमिन ई दिल्यावर गाठी वेगाने वाढल्या आणि उंदीर लवकर मेले. तपासल्यावर दिसलं की ताण उतरल्यामुळे पी-५३ हे रोधक प्रथिन जागंच होत नव्हतं. पी-५३ आधीच काढून टाकलेल्या पेशींमध्ये या द्रव्यांचा काही परिणाम झाला नाही. म्हणजे गाठीच्या आतला ताणच तिला रोखून धरत होता, आणि गोळीने तो हलका केला.

दोन खुलासे. फळं-भाज्यांमधून मिळणारी जीवनसत्त्वं आणि एका गोळीतला मोठा डोस यांत फार अंतर आहे, त्यामुळे नेहमीच्या जेवणातली फळं किंवा भाज्या सोडू नका. आणि एन-ॲसिटिलसिस्टीन हे कफ पातळ करायला आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरही वापरलं जाणारं उपयुक्त औषध आहे. ते कोणी लिहून दिलं असेल तर परस्पर बंद करू नका. कर्करोगाच्या डॉक्टरांना ते दाखवा आणि गरज आहे का ते विचारा.

‘एनआरएफ२ ॲक्टिव्हेटर’ म्हणून विकली जाणारी पूरकं?

ब्रोकोलीतलं सल्फोराफेन हे त्यातलं सगळ्यांत अभ्यासलेलं द्रव्य. ते कीप-१ वरच्या १५१ क्रमांकाच्या सिस्टीनला चिकटतं. निरोगी माणसात प्रदूषणातल्या रसायनांचा निचरा वाढवण्यासाठी त्याचा अभ्यास झाला आहे. पण कर्करोगाचं निदान झाल्यावर याच यंत्रणेला आणखी चालना देण्याचं काही कारण नाही. आणि गाठीत कीप-१ आधीच निकामी असेल तर तिथे या द्रव्याला करण्यासारखं काही उरतही नाही.

दुसऱ्या आजारासाठी एनआरएफ२ वाढवणारं औषध चालू आहे. त्याने कर्करोग होईल का?

मल्टिपल स्क्लेरोसिससाठी डायमिथाइल फ्युमरेट २०१३ पासून आणि फ्रीडरीक ॲटॅक्सियासाठी ओमाव्हेलॉक्सोलोन २०२३ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. औषधाने होणारी चालना ठरावीक काळाची असते, म्युटेशनने होणारी कायमची. शिवाय उंदरांच्या फुफ्फुसात नुसतं कीप-१ काढून टाकलं तरी कर्करोग होत नाही, त्याला केराससारख्या दुसऱ्या बिघाडाची जोड लागते. घाबरून औषध थांबवू नका. मात्र फुफ्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची कल्पना द्या.

रिपोर्टमध्ये केरास, कीप-१ आणि एसटीके-११ अशी तिन्ही नावं आली आहेत. हा योगायोग आहे का?

नाही. कीप-१ आणि एसटीके-११ ही दोन्ही जनुकं एकोणिसाव्या गुणसूत्राच्या एकाच आखूड भुजेवर, एकमेकांच्या जवळ आहेत. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. गाठीत ती भुजा तुटून गेली की दोन्ही जनुकांची एकेक प्रत एका झटक्यात जाते, आणि उरलेल्या प्रतीत म्युटेशन असेल तर दोन्ही पूर्ण निकामी होतात.

केरास पेशीला सतत वाढण्याचा आदेश देत राहतं. एसटीके-११ एरवी ऊर्जा कमी पडली की वाढ थांबवतं, ते गेलं की तो लगाम सुटतो. एवढ्या धावपळीत निर्माण होणारा ताण सोसायला एनआरएफ२ हजर असतं. तिन्ही एकत्र असलेला कर्करोग डॉक्टर जास्त गंभीरपणे घेतात त्याचं कारण हे आहे.

उपचारांवर याचा काय परिणाम होतो?

प्लॅटिनम गटातली केमोची औषधं ग्लुटाथायोनला बांधली जातात आणि पंपांनी बाहेर फेकली जातात, त्यामुळे त्यांचा असर कमी पडू शकतो. रेडिएशनचा मारा मुख्यतः क्रियाशील ऑक्सिजन रेणूंमार्फत होतो, आणि ते शोषून घेणं हेच एनआरएफ२ चं काम. २०१७ मधल्या एका अभ्यासात कीप-१ किंवा एनआरएफ२ चे बदल असलेल्या रुग्णांमध्ये रेडिएशन दिलेल्या जागीच कर्करोग परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं. ईजीएफआर (पेशीला वाढीचा संदेश देणारं प्रथिन) आणि केरास-जी१२सी (केरासमधला एक ठरावीक बदल) यांच्यावरच्या गोळ्याही कीप-१ निकामी असताना कमी काळ चालतात असं आढळलं आहे.

इम्युनोथेरपीचं चित्र अधिक गुंतागुंतीचं आहे आणि ते अजून बदलतं आहे. रोगप्रतिकारक पेशींना आवरून धरणाऱ्या पीडी-१ किंवा पीडी-एल१ या प्रथिनांवरच्या औषधांचा परिणाम कीप-१ किंवा एसटीके-११ गेलेल्या गाठींवर कमी दिसतो, कारण अशा गाठींत मारेकरी टी-पेशी थोड्या असतात. पण २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने एक वाट दाखवली. पीडी-एल१ विरोधी औषध आणि केमो यांच्या जोडीला सीटीएलए-४ या तशाच आणखी एका प्रथिनावरचं औषध दिलं, तर नेमक्या याच रुग्णांमध्ये जास्त फायदा होण्याची चिन्हं दिसली. उंदरांवरच्या प्रयोगातही हेच आढळलं, आणि हे पडताळण्यासाठी वेगळी चाचणी आखली गेली. दोन औषधांच्या जोडीचे दुष्परिणाम जास्त असतात, म्हणून हा निर्णय रुग्णाची तब्येत बघूनच होतो.

यावरून ‘आता कशाचाच उपयोग नाही’ असा अर्थ मात्र काढू नका. हे सगळे आकडे गटांचे आहेत. त्याच गटांत केमोला उत्तम प्रतिसाद दिलेले रुग्णही असतात.

रिपोर्टमध्ये हा बदल कसा ओळखायचा?

एनजीएस (एकाच वेळी अनेक जनुकं वाचणाऱ्या) तपासणीच्या रिपोर्टमध्ये जनुकाचं नाव, त्यापुढे बदलाचा संकेत आणि मग एक टक्केवारी असते. एनएफई२एल२ पुढे ‘ई७९क्यू’ असं लिहिलं असेल तर ७९ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन आलं आहे, म्हणजे बदल थेट घट्ट पकडीच्या जागेवर आहे. त्याचा अर्थ लावायला फारसे कष्ट पडत नाहीत.

कीप-१ चं तसं नाही. त्याचे बदल जनुकभर पसरलेले असतात. प्रथिन मध्येच तुटतं असं दिसत असेल तर ते निकामी झालं हे उघड आहे. पण एकच अमिनो आम्ल बदललेलं असेल तर बऱ्याचदा ‘महत्त्व अनिश्चित’ असा शेरा येतो. त्या शेऱ्याने अस्वस्थ व्हायला होतं हे खरं, पण त्याचा अर्थ एवढाच की या बदलाने कामात फरक पडतो की नाही याचा पुरेसा पुरावा जमलेला नाही. टक्केवारी ही तपासलेल्या तुकड्यात तो बदल किती प्रमाणात सापडला याची असते. रोग किती गंभीर आहे याची ती नसते. हा गैरसमज फार जणांचा होतो.

एनआरएफ२ ला थेट थांबवणारं औषध का नाही?

एन्झाइमला औषध बसायला खोबणी असते. एनआरएफ२ सारख्या जनुक-नियामक प्रथिनाला तशी सोयीची खोबणी नाही, त्याचा बराच भाग मोकळ्या दोरीसारखा असतो. ब्रुसाटोल नावाचं वनस्पतिजन्य द्रव्य सुरुवातीला आशादायक वाटलं, पण ते पेशीतलं प्रथिन बनवण्याचं कामच सरसकट थांबवतं असं पुढे लक्षात आलं. कमी आयुष्याचं एनआरएफ२ त्यात सगळ्यांत आधी संपतं इतकंच.

म्हणून संशोधकांनी त्याच्या दुबळ्या बाजू शोधल्या. ग्लुटामिनची ओढ ही त्यातली पहिली. ग्लुटामिनेज हे ग्लुटामिन तोडणारं एन्झाइम रोखणारं टेलाग्लेनास्टॅट हे औषध नेमक्या कीप-१ किंवा एनआरएफ२ चे बदल असलेल्या रुग्णांना केमो आणि इम्युनोथेरपीसोबत देऊन पाहिलं गेलं. फायदा दिसला नाही आणि चाचणी थांबवली गेली. नंतर उंदरांवरच्या एका अभ्यासातून एक कारण पुढे आलं : कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशींनाही ग्लुटामिन लागतं, आणि औषधाने त्यांचीही उपासमार झाली. प्रयोगशाळेत गाठीवर एकट्याने चालणारं औषध दुसऱ्या उपचाराच्या जोडीला कसं वागेल याचा अंदाज बांधणं किती कठीण असतं ते यावरून कळतं.

सध्या लक्ष फेरोप्टोसिसकडेही आहे. लोहाच्या साहाय्याने पेशीच्या आवरणातली मेदाम्लं ऑक्सिडाइझ होऊन पेशी मरण्याचा हा प्रकार. एनआरएफ२ त्यापासून बचाव करणारी प्रथिनं वाढवतं, त्यातलं एफएसपी-१ कीप-१ गेलेल्या पेशींत जास्त आढळतं. ते अडवलं तर या पेशी मरतील का, यावर काम चालू आहे.

धूम्रपानाशी याचा किती संबंध?

बराच. कीप-१ चे बदल धूम्रपान करणाऱ्यांच्या गाठींत जास्त आढळतात. निदान झाल्यावर ‘आता सोडून काय उपयोग’ असं म्हणणारे भेटतात. उपयोग आहे. धूम्रपान थांबवलेल्यांना केमो, रेडिएशन आणि शस्त्रक्रिया जास्त चांगली सोसते आणि आयुष्यही वाढतं. ज्यांनी कधीच धूम्रपान केलं नाही त्यांच्यातही हे बदल सापडतात, तेव्हा रिपोर्ट बघून कोणाच्या सवयींबद्दल तर्क करणं अन्यायाचं आहे.

हा बदल मुलांमध्ये उतरतो का?

गाठीत सापडलेले कीप-१ आणि एनएफई२एल२ चे बदल जवळजवळ नेहमीच त्या गाठीपुरते असतात. ते आयुष्यात पुढे कधीतरी फुफ्फुसाच्या पेशीत झालेले असतात, बीजपेशीत नसतात. त्यामुळे केवळ या नावांवरून मुलांची किंवा भावंडांची जनुकीय तपासणी करून घेण्याची गरज नसते. घरात कमी वयात कर्करोग झालेले बरेच जण असतील तर मात्र जनुकीय समुपदेशकाशी बोला. ती चौकशी वेगळ्या जनुकांची असते आणि त्यासाठी गाठीचा नमुना पुरत नाही, रक्त किंवा लाळ द्यावी लागते.